दराची पाटी

चप्पल घरात असताना तुटत नाही. रिक्षा समोर उभी असतानाही तुटत नाही. कॉलेजात पहिलाच तास असतो, काखेत तपासलेल्या पेपरांचा गठ्ठा असतो, वर बेळगावचा जुलैमधला पाऊस असतो आणि नेमका तेव्हा रस्त्याच्या मध्यावर अंगठा तुटतो. मग एक पाय ओढत, कुणी विद्यार्थी बघत नाही ना याचा अंदाज घेत, आपण चप्पल दुरुस्तीवाल्याचा आसरा शोधतो.

2025 च्या जुलैत माझं असंच झालं. टिळकवाडीत आमच्या वाटेवर एक पत्र्याची टपरी आहे. ऐरण, रापी, आरी, मेण लावलेला दोरा, सोल्युशनचा डबा आणि गिऱ्हाइकाला बसायला एक लाकडी खोकं, एवढाच संसार. दुकानदाराला लहानथोर सगळे ‘मामा’ म्हणतात. मूळचे अथणीकडचे. मराठी बोलता बोलता कन्नडमध्ये कधी शिरतात, ते त्यांनाही कळत नाही.

“बसा की बाई. पावसात कुठं जाताय?” म्हणाले. तास तसाही बुडालाच होता. बसले. तासभर बसून जे पाहिलं, ते तुम्हाला सांगावंसं वाटतंय.

आधी एक तरुण आला. पिशवीतून त्याने स्पोर्ट्‌स शूज काढले. वरून कोरे करकरीत, पण सोल हाताला लावताच भाकरीच्या पिठासारखा भुगा. “चार वेळासुद्धा घातले नाहीत, दोन वर्षं खोक्यातच होते!” तो चिडून म्हणाला. मामांनी भुगा बोटांत चोळून पाहिला. “चिकटवून देऊ शकतो, पण तुमचे पैसे बुडतील. हा सोल मेलाय. नवीन बसवायचा तर साडेतीनशे.” तरुणाने दीडशे सांगितले, मामांनी मान हलवली. “लुटायला बसलेत,” असं पुटपुटत तो गेला. आमच्या रसायनशास्त्राच्या सरांना मी नंतर विचारलं. ते म्हणाले, पॉलियुरेथिनचा सोल हवेतल्या ओलाव्याने हळूहळू आतून तुटत जातो, नुसता ठेवला तरीही. आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद खोक्यात तर विचारायलाच नको. म्हणजे मामांचं निदान बरोबर होतं. खोटं चिकटवून शंभर रुपये सहज मिळाले असते, ते त्यांनी सोडले. आणि पदवी मिळाली लुटारूची.

मग शाळेचे काळे बूट घेऊन एक बाई आल्या. मोठ्या मुलाचे बूट आता धाकटीला द्यायचे होते. टाच झिजलेली, पुढचा टाका उसवलेला. मामांनी टाका घातला, टाचेला रबर ठोकलं आणि वर पॉलिशचा हातही फिरवला. “किती?” असं विचारताना बाईंनी पर्स उघडली नव्हती, नुसती घट्ट धरली होती. “वीस द्या.” काम वीसचं नव्हतं, हे मलाही कळत होतं.

शेवटी माझी पाळी. माझ्या पायात कोल्हापुरी. मामांनी चप्पल हातात घेतली आणि मलाच झापलं. “शिकलेल्या बाई तुम्ही, कोल्हापुरी पावसात घालतात होय?” हे कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं असतं, पाणी प्यायलं की फुगतं आणि शिवण ढिली होते, हे त्यांनी मला समजावलं. मी म्हटलं, “दोन खिळे मारा, घरी जाण्यापुरते.” ते हसले. “कोल्हापुरीला खिळा नसतो ओ. कातड्याच्या वादीनं शिवायची. खिळा मारला की ती मेली.” वादी भिजवून, आरीने भोक पाडून, त्यांनी अर्धा तास खपून अंगठा बसवला.

“पन्नास द्या.”

“चाळीस घ्या हो,” माझ्या तोंडून निघून गेलं. अगदी सहज, श्वास घ्यावा तसं. मामांनी काही न बोलता चाळीस रुपये घेतले.

पाऊस थांबला नव्हता, म्हणून मी तशीच बसून राहिले. आणि बसल्या बसल्या मला आमची स्टाफरूम आठवली. त्याआधीच्या महिन्यात मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या बड्या कंपनीने कोल्हापुरीसारख्याच चपला मिरवल्या होत्या आणि आधी मूळ कारागिरांचं नावही घेतलं नव्हतं. ओरड झाल्यावर प्रेरणा कुठली, ते कबूल केलं. स्टाफरूममध्ये केवढा संताप! 2019 मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात चार जिल्हे महाराष्ट्राचे आणि चार कर्नाटकाचे, आपला बेळगावही त्यात आहे, ही माहिती मीच सगळ्यांना दिली होती. ‘कारागिराला त्याचा वाटा मिळालाच पाहिजे’ हा निरोप मी मोबाइलवरून चार गटांत पाठवला होता. आणि त्याच कारागिराच्या जातकुळीतली कला माझ्यासमोर अर्धा तास राबली, तेव्हा मी दहा रुपये कापले.

दुसरी आठवण त्याहून वाईट. वर्षापूर्वी मी एका चकचकीत दुकानातून चौदाशे नव्याण्णवची सँडल घेतली होती. छापलेली किंमत, एक रुपयाही कमी करा म्हटलं नाही. दीड महिन्यात पट्टा तुटला. तिथे आधी बिल मागितलं. बिल दाखवलं तर म्हणाले, वॉरंटी सोलची आहे, पट्ट्याची नाही. मी निमूट परत आले. तो पट्टा मामांनीच शिवला, तो अजून टिकून आहे. तेव्हाही चाळीस सांगितले होते, मी तीस दिले होते.

मी दहाची नोट पुढे केली. “राहू द्या की,” मामा म्हणाले. मी ती खोक्यावर ठेवायला गेले, पण हात थांबला. त्यांनी हात पुढे केला, तेव्हा नोट हातातच दिली. मग विचारलं, “मामा, दिवसभर सगळे असेच घासाघीस करतात. राग येत नाही?”

“राग कशाला? दुकानात भाव छापलेला असतो. कागदाशी कोण भांडणार? माझा भाव तोंडी. तोंडाशी सगळेच भांडतात.”

“मग पाटी लावा.”

“लिहिणार कोण? तुम्ही लिहा.”

त्या रविवारी मी एक पुठ्ठा आणि मार्कर घेऊन गेले. मामांनी सांगितलं, मी लिहिलं. वर कन्नड, खाली मराठी. कन्नड अक्षरं शेजारच्या झेरॉक्सवाल्या मुलाने काढून दिली. अंगठा तुटला की दोन्ही भाषांत सारखंच बोंबलायला होतं, त्यामुळे वाद झाला नाही. टाका, अंगठा, पट्टा, टाच, नवीन सोल, सगळे दर आले. शेवटी मी ‘शाळेचे बूट’ असं लिहिलं आणि आकडा विचारला.

“तिथं काही लिहू नका.”

“का?”

“तो भाव बूट बघून सांगत नाही मी,” मामा म्हणाले. “बूट घेऊन येणाऱ्या आईचं तोंड बघून सांगतो.”

पाटी लागली आहे. घासाघीस थांबली का? अजिबात नाही. लोक पाटी वाचतात आणि मग पाटीवरून भांडतात. पण एक गिऱ्हाईक कमी झालंय, एवढं मी खात्रीने सांगू शकते.