पेल्यातील मळी

कुलाब्यातील जुन्या बारांच्या ‘स्थानिक’ मार्गदर्शिकांना १८७१ चे लिओपोल्ड आणि मोंडेगरमधील मारिओ मिरांडांची भित्तिचित्रे पुरेशी वाटतात. गेवराईत शिकवणाऱ्या आम्हांस ती पुरेशी वाटत नाहीत. कॉकटेलमधील देशी रम बहुधा मळीची, मळी उसाची; आणि ऊस तोडणारा ‘कोयता’ म्हणजे दसऱ्यानंतर गाव सोडणारे आमच्याच तालुक्यातील नवरा-बायको. हंगामात आमच्या वर्गातले काही बाक रिकामे असतात, ते याच फडांमुळे. (स्मरणरंजनाला मळीचा वास सोसत नसावा.)

अरुण कोलटकर काळा घोड्याच्या वेसाइड इनमध्ये बसून फुटपाथवरची माणसे न्याहाळीत. २००४ चा ‘काळा घोडा पोएम्स’ त्यातूनच आला. मार्गदर्शिका मात्र वेसाइड इन बंद पडल्याची हळहळ नोंदवतात आणि पुढच्या बारकडे वळतात.