घोड्याची झूल आणि आंबील

मंडळी, आधीच सांगून टाकतो, म्हणजे नातेवाइकांचे फोन यायला नकोत. होय, मी बिअर प्यायलो. पंचाहत्तरीत, स्वतःच्या घरी, अर्धा पेला. (परवाना? कायद्याने लागतो खरा. नागरिकशास्त्र शिकवण्यात जन्म गेला, तेवढं कळतं.)

पुतण्या कॅलिफोर्नियात असतो. या डिसेंबरात येताना त्याने तिथल्या सांता रोझा गावची एक लहानशी बाटली आणली. वर बूच, त्याला तार. बिअरचं नाव 'टेम्प्टेशन', करणारे 'रशियन रिव्हर' (तिथल्या नदीचं नाव आहे). साधी बिअर आंबली तर फेकून देतात; ही मुद्दाम आंबवलेली. शार्डोने नावाची पांढरी वाइन ज्या ओकच्या पिंपांत मुरते, ती पिंपं रिकामी झाली की त्यांत ही बिअर कित्येक महिने ठेवतात. लाकडात जिरलेली वाइन हळूहळू तिच्यात उतरते. शिवाय दह्यातल्या जंतूंचे भाऊबंद आणि ब्रेटॅनोमायसेस नावाचं एक रानटी यीस्ट, हेही आत असतात.

पुतण्याने पेले मांडले. "काका, आधी वास घ्या. लिंबू येतंय? हिरवं सफरचंद? आणि मागे हॉर्स ब्लँकेट?"

घोड्याची झूल! मी विचारलं, म्हणजे बिघडलीय का? तर म्हणे, नाही, हे कौतुक आहे, जाणकार हाच शब्द वापरतात. सगळ्या घराने माना डोलावल्या. आमच्या सूनबाई, ज्या फ्रिजमधलं दोन दिवसांचं ताक नाक दाबून मोरीत ओततात, त्याही "किती कॉम्प्लेक्स!" म्हणाल्या.

खोटं कशाला बोलू, मला आवडली. जिभेच्या कडा आकसल्या, मग ओल्या लाकडाची चव आली, आणि घोट गेल्यावर तोंड स्वच्छ झालं. दुसऱ्या घोटाला मात्र मी थबकलो. हा आंबटपणा माझ्या ओळखीचा होता. म्हटलं, अरे, ही तर आंबिलीची बहीण! सगळे हसले. पुतण्या समजुतीच्या सुरात म्हणाला, "काका, ही ॲक्वायर्ड टेस्ट असते."

इथे माझं डोकं सरकलं.

माझं मूळ गाव लातूरकडचं. तिकडे मार्गशीर्षातल्या अमावास्येला येळवस असते. शेतात कडब्याची कोप करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, पूजा करायची आणि भज्जीबरोबर आंबील प्यायची. ज्वारीचं पीठ ताकात आंबवतात. आई घरात आलेल्या वासावरून सांगायची, आज शिजवायची की उद्या. उन्हाळ्यात एक रात्र पुरे, थंडीत दोन लागायच्या. मग लसूण, जिरं, मीठ. मातीच्या बिंदगीत भरून ती डोक्यावरून शेतात जायची. दोन तांबे प्यायल्यावर बाभळीखाली जी झोप लागते, तिच्यासाठी मला अजून शब्द सापडलेला नाही, आणि मी मराठीचा बी.ए. आहे.

1975 साली मी या शहरात नवा मास्तर होतो. आई एस.टी.ने मांडीवर बिंदगी सांभाळत आली. संध्याकाळी शाळेतले दोन सहकारी येणार होते. खोलीभर आंबूस वास. मी ती बिंदगी उचलून मागच्या संडासाच्या बोळात ठेवली. आईने पाहिलं. ती काही बोलली नाही, पण पुन्हा कधी आंबील आणली नाही. तेव्हा 'हॉर्स ब्लँकेट' हा शब्द मला माहीत असता तर कदाचित मी बिंदगी दिवाणखान्यात ठेवली असती. सूनबाईंना हसण्याचा अधिकार मला नाही, हे कबूल. म्हणूनच राग जास्त आहे.

आता तुमचे आक्षेप. 'पिंपात महिनोन्महिने मुरवायला कसब लागतं.' लागतंच. पण वास घेऊन तास ठरवायला काय लागतं? लाकडाच्या छिद्रांत जंतू घर करतात म्हणून तुम्ही पिंपाला जपता. मातीच्या भांड्याच्या अंगालाही छिद्रं असतातच. दुसरा आक्षेप, 'आंबिलीत नशा नाही.' मग चवीचं कौतुक करत होतात की नशेचं, ते एकदा ठरवा. तिसरे आहेत व्हॉट्सॲपवाले, 'आपल्याकडे हे सगळं आधीच होतं'. त्यांनी कृपया मला आपल्यात धरू नये. ऋषींनी बिअर शोधली असं मी म्हणत नाही.

मी बेल्जियमचं उदाहरण देतो. ब्रुसेल्सच्या आसपास लँबिक नावाची आंबट बिअर होते. बाहेरून यीस्ट न घालता उकळलेला रस रात्रभर उघडा ठेवायचा, हवेतले जंतू त्यात पडू द्यायचे, मग लाकडी पिंपात एक ते तीन वर्षं. कँटिलॉन ही 1900 सालची ब्रुअरी अजून चालू आहे आणि लोक ती संग्रहालयासारखी बघायला जातात. 2016 साली युनेस्कोने बेल्जियमची बिअर-संस्कृती वारशाच्या यादीत घेतली. त्या लोकांनी आपली पिंपं संडासाच्या बोळात ठेवली नाहीत, एवढंच.

त्याच 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं, आणि इथल्या खंडपीठाने मद्य कारखान्यांचं पाणी आधी निम्मं, मग साठ टक्के तोडायला लावलं होतं. आमचं छत्रपती संभाजीनगर (जुन्या वाचकांचं औरंगाबाद) बिअरचं गाव आहे. वाळूजला ती जायकवाडीच्या पाण्यावर होते. तेव्हा आंबवण्याचं आपल्याला वावडं आहे असं कुणी म्हणू नये. कारखान्यात आंबलं तर उद्योग, परदेशी पिंपात आंबलं तर कला, आणि बाईने चुलीपाशी आंबवलं तर वास! 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं. ज्वारीची बिस्किटं आली, ज्वारीचे पिझ्झे आले. आंबील मात्र कुणी पाहुण्यांना वाइनच्या पेल्यातून दिल्याचं मी पाहिलं नाही.

पुतण्याशी वाद घालून मी काल पीठ भिजवलं. प्रमाण आठवेना म्हणून गावाकडच्या वहिनींना फोन केला. त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, "भाऊजी, थंडी हाय, घाई करू नका." आज दुसरी रात्र. बरणी ओट्यावर आहे, वर ताटली झाकलीय. सूनबाईंनी स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी ठेवलीय, आणि पुतण्या दर तासाला येऊन झाकण उचलून वास घेतोय.