पथ्य रुग्णाचे, दायित्व शासनाचे

मधुमेहाविषयी आपल्याकडे दोनच प्रकारे बोलले जाते. एक तर आकडे सांगून भीती घातली जाते, नाही तर गोड कमी खा, रोज चालायला जा, असा उपदेश केला जातो. निदान झाल्यावर माणसाने पुढची वीस-तीस वर्षे हा आजार कसा सांभाळावा आणि त्यासाठी लागणारी साधने त्याच्या हाती कोणी द्यावीत, हा प्रश्न मात्र सार्वजनिक चर्चेत क्वचितच येतो. येत्या दोन दशकांत देशाच्या आरोग्य धोरणाची कसोटी बऱ्याच अंशी याच प्रश्नावर लागणार आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने २००८ ते २०२० या काळात देशभर टप्प्याटप्प्याने पाहणी झाली. ३१ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील १,१३,०४३ प्रौढांची तपासणी करणाऱ्या या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार ११.४ टक्के प्रौढांना, म्हणजे सुमारे १०.१ कोटी भारतीयांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. पुढच्याच वर्षी 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासाने वेगळ्या निकषांच्या आधारे भारतातील मधुमेहींची संख्या २१.२ कोटी धरली आणि त्यांपैकी तीस वर्षांवरील १३.३ कोटी लोक कोणत्याही उपचाराविना असल्याचे नमूद केले. मोजण्याच्या पद्धती भिन्न असल्याने या दोन आकड्यांत अंतर पडते. तथापि दोन्हींचा अर्थ एकच आहे. आजाराचा पसारा मोठा आहे आणि उपचारांची पोहोच तोकडी आहे.

हा केवळ शहरी सुखवस्तूंचा आजार आहे, हा समजही आता सोडून द्यायला हवा. गोव्यात प्रौढांमधील प्रमाण २६.४ टक्के, तर उत्तर प्रदेशात ४.८ टक्के आढळले, हे खरे. परंतु त्याच उत्तर प्रदेशात मधुमेहपूर्व अवस्थेतील लोकांचे प्रमाण १८ टक्के आहे, जे राष्ट्रीय सरासरीहून अधिक आहे. जिथे प्राथमिक आरोग्य व्यवस्था दुबळी, तिथेच रुग्णांची पुढची लाट तयार होत आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील संशोधकांनी १९९० च्या दशकापासून गर्भवती माता व त्यांच्या मुलांचा पाठपुरावा करून दाखवून दिले, की भारतीय अर्भक वजनाने हलके असले, तरी त्याच्या शरीरात चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते. अंगाने किडकिडीत दिसणारा शेतमजूरही म्हणूनच या आजारापासून सुरक्षित नसतो. त्यात मधुमेहामुळे क्षयरोगाचा धोका दुपटीतिपटीने वाढतो. गरिबीचा जुना आजार आणि समृद्धीचा म्हणवला जाणारा नवा आजार एकाच घरात, कित्येकदा एकाच शरीरात नांदू लागतात.

मधुमेहाची खरी किंमत मोजावी लागते ती त्याच्या गुंतागुंतींपायी. रक्तातील वाढलेली साखर दुखत नाही, खुपत नाही. वर्षानुवर्षे ती बारीक रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू पोखरत राहते. डोळ्याच्या मागच्या पडद्यातील वाहिन्या झिरपू लागतात, मूत्रपिंडाची गाळणी निकामी होत जाते, पावले बधिर होतात. रुग्णाला त्रास जाणवतो तोवर बरीच हानी होऊन गेलेली असते. ती टाळता येते, हे मात्र निर्विवाद आहे. ब्रिटनमध्ये दीर्घकाळ चाललेल्या आणि १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साखर काटेकोर ताब्यात ठेवलेल्या रुग्णांमध्ये सूक्ष्म रक्तवाहिन्यांशी निगडित गुंतागुंती सुमारे एक चतुर्थांशाने कमी आढळल्या. पुढील दहा वर्षांच्या पाठपुराव्यात दोन्ही गटांतील साखरेच्या पातळीतला फरक मिटला, तरी सुरुवातीला घेतलेल्या काळजीचा लाभ टिकून राहिला.

आपल्याकडे ही काळजी किती जणांच्या वाट्याला येते? उपरोल्लेखित राष्ट्रीय पाहणीतील ज्यांना आपल्याला मधुमेह आहे हे ठाऊक होते, अशांपैकी अवघ्या ३६.३ टक्के लोकांची साखर आटोक्यात होती. साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल हे तिन्ही आटोक्यात असलेले केवळ ७.७ टक्के निघाले. केंद्र सरकारने २०१५ ते २०१९ या काळात पन्नाशीपुढील नागरिकांची जी नेत्रपाहणी केली, तीत १६.९ टक्के मधुमेहींच्या दृष्टिपटलावर परिणाम झालेला दिसला आणि निदान माहीत असलेल्या दहापैकी नऊ जणांनी या कारणासाठी डोळे कधीही तपासून घेतलेले नव्हते. अज्ञान हे याचे एक कारण आहे. पण ते एकमेव कारण मानणे सोयीचे असले, तरी न्याय्य नाही.

रुग्णाने 'स्वतःची काळजी घ्यावी' असे आपण सहज म्हणतो. त्यात काय काय येते, हे एकदा क्रमाने मांडून पाहावे. रोज ठरल्या वेळी औषध, ठरल्या वेळी जेवण, ठरावीक दिवसांनी साखरेची नोंद, पावलांची रोजची पाहणी, वर्षातून एकदा डोळे आणि मूत्रपिंडाची तपासणी. इन्सुलिन घेणाऱ्यासाठी ते थंड ठेवण्याची सोय, सुई बदलणे आणि साखर अचानक उतरली तर काय करावे याचे भान. बांधकामावरच्या मजुराला जेवणाची वेळ मुकादम ठरवून देतो. जिल्ह्याच्या रुग्णालयात जायचे तर दिवसाची मजुरी बुडते. ग्लुकोमीटरची पट्टी एकदा वापरली की संपते आणि दुसरी खिशातूनच घ्यावी लागते. घरात शीतकपाट नसेल, तर इन्सुलिनची कुपी पाणी शिंपडलेल्या मातीच्या मडक्यात पुष्कळ बरी राहते. हे साधे ज्ञानही कोणी दहा मिनिटे बसून सांगितल्याखेरीज घरापर्यंत पोहोचत नाही. एकादशी, नवरात्र वा रमजानच्या उपवासात गोळ्यांचे काय करायचे, हे विचारायलाही कोणी तरी ऐकणारे लागते.

आहाराचेही तसेच. भात-पोळी कमी करा, डाळी-भाज्या वाढवा, हा सल्ला शास्त्रीयदृष्ट्या योग्यच आहे. भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते, असे याच राष्ट्रीय पाहणीच्या आहारविषयक विश्लेषणात दिसले आहे. मात्र अन्नसुरक्षा कायद्याखाली दरमहा माणशी पाच किलो मोफत मिळते ते धान्य, प्रामुख्याने तांदूळ आणि गहू. डाळ, भाजी, अंडे बाजारभावाने घ्यावे लागते. एका खात्याने जे ताटात वाढायचे, तेच दुसऱ्या खात्याने कमी करायला सांगायचे, ही विसंगती रुग्णाच्या इच्छाशक्तीने मिटणारी नाही.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. असंसर्गजन्य आजारांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. तिशीपुढील सर्वांच्या तपासणीचे धोरण आले, आरोग्य उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्य मंदिरांत झाले, 'आशा' सेविका घरोघर जाऊन जोखमीच्या नोंदी करू लागल्या. दोष आहे तो खर्चाच्या कलामध्ये. आयुष्मान भारत योजना कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचे संरक्षण देते, ते मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर. बाह्यरुग्ण विभागातील सल्ला, रोजच्या गोळ्या आणि नियमित चाचण्या तिच्या कक्षेबाहेर राहतात. २०१६ च्या अर्थसंकल्पात घोषित झालेला राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना मोफत डायलिसिस देतो, आणि ते आवश्यकच आहे. परंतु मूत्रपिंड निकामी होऊ लागल्याचा इशारा देणारी लघवीतील प्रथिनांची साधी चाचणी अनेक प्राथमिक केंद्रांत नियमाने होत नाही. शेवटच्या टप्प्यावर हात सैल सोडणारी व्यवस्था पहिल्या टप्प्यावर हात आखडता घेते.

पायांच्या बाबतीत ही विसंगती अधिकच ठळक होते. बधिर पावलाला चप्पल लागली, खडा रुतला, तरी कळत नाही. त्याची जखम होते, ती चिघळते आणि अखेरीस पाय कापावा लागतो. कुष्ठरोगातही नेमके हेच घडते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. पॉल ब्रँड यांनी गेल्या शतकाच्या मध्यास दाखवून दिले, की कुष्ठरुग्णाचे पाय रोगाने आपोआप झडत नाहीत. वेदना हरपल्यामुळे होणाऱ्या आणि दुर्लक्षित राहणाऱ्या इजा त्यांचा घात करतात. त्या आकलनातून मऊ रबराच्या पादत्राणांचा वापर रुजला आणि कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमात ती बधिर पायांच्या रुग्णांना मोफत मिळू लागली. म्हणजे ज्ञान आहे, वस्तू आहे, ती वाटण्याची सरकारी सवयही आहे. तरीही कित्येक पटींनी अधिक असलेल्या मधुमेहींसाठी तशी देशव्यापी तरतूद अद्याप झालेली नाही.

वेगळे काही करता येते, याची उदाहरणे देशातच आहेत. तमिळनाडूने ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू केलेल्या योजनेत रक्तदाब आणि मधुमेहाची औषधे रुग्णाच्या दारात पोहोचवली जातात. त्यामुळे मजुरी बुडवून रांगेत उभे राहण्याची सक्ती संपते. केरळने कुटुंब आरोग्य केंद्रांत दृष्टिपटलाचे छायाचित्र घेणारे कॅमेरे बसवले. छायाचित्र गावात काढायचे, तज्ज्ञाने ते दुरून वाचायचे आणि गरज असेल त्यालाच मोठ्या रुग्णालयात पाठवायचे, अशी ही रचना आहे. रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमाची सुरुवात महाराष्ट्रासह पाच राज्यांतील मोजक्या जिल्ह्यांपासून झाली. ठरावीक औषधांची सोपी उपचारपद्धती, औषधांचा अखंड पुरवठा आणि दर तिमाहीला किती रुग्णांचा रक्तदाब प्रत्यक्ष आटोक्यात आला याचा हिशेब, ही त्याची त्रिसूत्री होती. या तिन्ही प्रयोगांत रुग्णाला शिस्त शिकवण्यापेक्षा शिस्त पाळणे सोपे करण्यावर भर आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला, आपले आरोग्य सांभाळणे हे ज्याचे त्याचे कर्तव्य आहे. ते आहेच. पथ्य रुग्णानेच पाळायचे असते, त्याच्या वतीने दुसरे कोणी चालू शकत नाही. मात्र कर्तव्य त्यालाच सांगता येते, ज्याच्यापाशी ते पार पाडण्याची साधने आहेत. दुसरा आक्षेप पैशांचा. राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०१७ मध्ये सार्वजनिक आरोग्य खर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता आणि देशाच्या एकूण आरोग्य खर्चातील ३९.४ टक्के वाटा लोकांच्या खिशातून जात होता. तेव्हा प्रश्न ऐपतीइतकाच प्राधान्याचाही आहे. शिवाय औषधे स्वस्त होत आहेत. मूत्रपिंड व हृदय या दोहोंना उपकारक ठरणाऱ्या एम्पाग्लिफ्लोझिन या औषधाचे एकस्व मार्च २०२५ मध्ये संपले आणि भारतीय कंपन्यांनी ते पूर्वीच्या किमतीच्या अल्पांशात बाजारात आणले. अशा औषधांची एकत्रित सरकारी खरेदी करून ती उपकेंद्रापर्यंत नेणे आज शक्य कोटीतील आहे.

करायच्या गोष्टी अवघड नाहीत. औषधे एका वेळी किमान दोन-तीन महिन्यांची मिळावीत आणि साठा खंडित होऊ नये. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी चाचणी आणि लघवीतील प्रथिनांची तपासणी प्राथमिक केंद्रातच मोफत व्हावी. प्रत्येक भेटीत रुग्णाचे बूट-चप्पल काढून पाय पाहिले जावेत आणि बधिर पायांना पादत्राणे मिळावीत. इन्सुलिन घेणाऱ्यांना पट्ट्या व सुया औषधाचाच भाग म्हणून दिल्या जाव्यात. रेशनवर डाळींचा आणि भरड धान्यांचा वाटा वाढावा. हे सारे समजावून सांगण्यासाठी प्रशिक्षित परिचारिका असावी आणि तिच्या वेळेला कामाचा दर्जा मिळावा.

सर्वांत आधी बदलायला हवी ती मोजपट्टी. केंद्राने २०२३ मध्ये साडेसात कोटी रक्तदाब व मधुमेहाच्या रुग्णांना २०२५ पर्यंत प्रमाणित उपचारांखाली आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. उद्दिष्ट स्वागतार्ह होते, पण रुग्णाचे नाव नोंदवहीत चढले म्हणजे त्याची साखर उतरली असे होत नाही. प्रत्येक जिल्ह्याने दर वर्षी चार आकडे प्रसिद्ध करावेत. नोंदणी झालेल्यांपैकी किती जणांची साखर आटोक्यात आहे, किती जणांचे डोळे तपासले गेले, किती जणांचे पाय पाहिले गेले आणि मधुमेहामुळे किती जणांचे पाय कापावे लागले. यातील शेवटचा आकडा वर्षागणिक घटत गेला, तरच हा कार्यक्रम यशस्वी झाला असे म्हणता येईल.