गॅसवर मिसिंग मारते म्हणून लगेच किट बदलू नका

मंडळी, आज शेताऐवजी गाडीवर लिहितोय. पण गाडी बंद पडली की माल बांधावरच राहतो, म्हणजे विषय आपलाच.

माझी व्हॅन जुनी, पेट्रोल-सीएनजी. गेल्या पावसाळ्यात आंब्याची कलमं भरून पोलादपूरहून वाईला निघालो आणि आंबेनळी घाटात गाडी झटके मारायला लागली. पेट्रोलवर टाकली की बरी चालायची, गॅसवर घेतली की परत तेच. दोघांनी बघितली, दोघंही म्हणाले किट गेलं, बदला. मी तयारही झालो होतो. शेवटी निघालं काय, तर झिजलेले प्लग आणि तडकलेली प्लग वायर.

गॅसवर बिघडते म्हणजे दोष गॅसचाच, हे गणित माझ्या मते चुकीचं आहे. गॅस पेटायला पेट्रोलपेक्षा जोरदार ठिणगी लागते. प्लग अर्धा मेला असला तरी पेट्रोलवर कसंबसं भागतं, गॅसवर नाही. त्यात चढ आणि लोड असला की आणखी जोर लागतो. आपल्याकडचा पाऊस तर विचारूच नका. वायरला बारीक चीर असली की ओलाव्यात करंट तिथूनच बाहेर पडतो. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडा, निळ्या ठिणग्या उडताना दिसतात. फक्त लांबून बघा, चालू इंजिनात वायरला हात लावू नका, जबर झटका बसतो.

भात पिवळा पडला की आपण युरियाची गोण फोडतो. जस्त कमी आहे की पाणी साचलंय हे बघतो का? गाडीतही तेच करतो.

प्लगचा संशय असेल तर इंजिन थंड झाल्यावर तीन नंबरचा प्लग एक नंबरला आणि एकचा तीनला लावा. मिसिंग प्लगबरोबर सरकलं तर दोष प्लगचा. तिथंच राहिलं तर वायर, कॉइल असं पुढं शोधायचं. स्कॅनर लागत असेल तर पी०३०३ म्हणजे तीन नंबरचा सिलेंडर, पी०३०० म्हणजे ठरावीक एक नाही. करंट चोख असूनही फक्त गॅसवरच मारत असेल, तर मग फिल्टर, रेग्युलेटर, गॅसचे इंजेक्टर. ते काम जाणत्याकडेच द्या. गॅसचा वास येत असेल तर गाडी चालूच करू नका. उलट फक्त पेट्रोलवर मारत असेल, तर वर्षभर गॅसवरच पळवून पेट्रोलचे इंजेक्टर चिकटले असतील.

दोन्हीवर मारते, सकाळी थंडीत जास्त, तर टॅपेट बघा. गॅसवर व्हॉल्वची सीट झिजते, व्हॉल्व आत सरकतो आणि गॅप कमी होत जातो. मग व्हॉल्व नीट बसत नाही, कॉम्प्रेशन पडतं. आवाज मात्र येत नाही, उलट इंजिन शांत वाटतं. त्यामुळे "टॅपेट वाजत नाहीत, म्हणजे ठीक" यावर जाऊ नका.

मेस्त्रीलाही सगळा दोष देत नाही. पार्ट बदलला की आपण पैसे देतो, पण तासभर शोधाशोध केली की म्हणतो, "केलंस काय?" मी आता तपासणीची मजुरी वेगळी देतो, पार्ट लागो न लागो. नाचणीची लावणी उरकली की टॅपेट बघायला गाडी त्याच्याकडेच लावणार आहे.