गोणपाटावर आज कोण बसले आहे?

२० ऑगस्ट २०२४ रोजी बदलापूर स्थानकात हजारो लोक रुळांवर उतरले. शाळेत चिमुकल्या मुलींवर झालेल्या अत्याचाराने जनता पेटली होती. लोकल तासन्‌तास बंद राहिल्या, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि शासनाने शाळाशाळांत कॅमेरे बसवण्याचे फर्मान काढले. तो संताप रास्तच होता. पण शाळेतली सुरक्षा कॅमेऱ्यापाशी संपते काय, असा आमचा सवाल आहे.

कारण उल्हासनगरच्या कॅम्पात, अंबरनाथच्या कामगार वस्तीत आणि बदलापूरच्या नव्या इमारतींतही असे एक मूल असते, ज्याचे चालणे-बोलणे इतर मुलांसारखे नसते. वर्ग त्याला ‘बायल्या’, ‘छक्का’ म्हणतो. मधल्या सुट्टीत ते मुतारीत जायला घाबरते. तक्रार केलीच तर गुरुजी म्हणतात, ‘तूच नीट वाग!’ हे कोणत्या कॅमेऱ्यात दिसणार?

काही कार्यकर्ते म्हणतील, ही शहरी श्रीमंतांची थेरं आहेत. आपल्यापुढे शिष्यवृत्ती आणि नोकऱ्यांचे प्रश्न आहेत. आम्ही विचारतो, ज्याने शाळाच सोडली त्याला शिष्यवृत्ती कसली? श्रीमंताचे पोर शाळा बदलते. आपल्या वस्तीतल्या पोराला जातीची शिवी आणि ही शिवी अशा दोन्ही खाव्या लागतात. आणि शाळा सुटली की पुढे लोकलच्या डब्यात टाळी वाजवण्यावाचून त्याच्यापुढे वाट उरत नाही.

बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले. शिपाई नसला की पाणी नाही! हा इतिहास आम्ही दर १४ एप्रिलला सांगतो. मग आज वर्गात वेगळे पाडलेले मूल आम्हाला का दिसू नये? याच बाबासाहेबांनी १९३४ साली र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ची बाजू न्यायालयात मांडली. त्या खटल्यातल्या वाचकांच्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही विषय होता. खटला हरला, पण लैंगिक प्रश्नांवर ज्ञान देणे म्हणजे अश्लीलता नव्हे, ही भूमिका बाबासाहेबांनी सोडली नाही.

कायदाही या मुलांकडे पाठ फिरवत नाही. शिक्षण हक्क कायद्याचे १७ वे कलम मुलांच्या मानसिक छळाला मनाई करते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांचे हक्क मान्य केले, २०१८ साली समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. पण २०२१ साली एनसीईआरटीने तृतीयपंथी मुलांच्या समावेशासाठी शिक्षकांकरिता पुस्तिका काढली, तेव्हा विरोध होताच ती काही दिवसांत संकेतस्थळावरून हटवली गेली. कागद होता, कणा नव्हता!

म्हणून कणा आपणच दाखवला पाहिजे. २०२२ च्या शासन निर्णयाने शाळांत ‘सखी सावित्री’ समित्या आल्या. आपल्या शाळेत ती समिती आहे काय, तिची बैठक होते काय आणि चिडवल्या जाणाऱ्या या मुलांचे ती ऐकते काय, हे पालक सभेत उभे राहून विचारा. मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीशिवाय घरी वा वर्गात फोडू नये, असा आग्रह धरा. शिवी देणाऱ्या शिक्षकाला जाब विचारा. आणि आपल्या विहारात, जयंतीच्या मिरवणुकीत हाच शब्द हसत उच्चारला जातो, तो आधी थांबवा.

शिका, असे बाबासाहेबांनी सांगितले. त्या आज्ञेतून त्यांनी कोणत्याही मुलाला वगळलेले नाही. आम्हीही वगळता कामा नये.