गाणं लिहिलंय कुणी?

गेल्या जूनमध्ये आमच्या मराठी वाङ्मय मंडळाची मीटिंग होती. भित्तिपत्रकासाठी कुणी विषय घेईना, तेव्हा मी जोशात बोलून गेले, ‘मी शांता शेळके करते. दर सोमवारी एक गाणं, एक पान.’ मला वाटलं, आठ-दहा सोमवारांत संपेल. ‘तोच चंद्रमा नभात’, ‘ऋतु हिरवा’, ‘जिवलगा’, झालं! घरात आई कायम ऐकते ती गाणी मला पाठच होती.

बोर्डाच्या खाली आम्ही बुटांचं एक रिकामं खोकं ठेवलं आणि वर लिहिलं, ‘काय वाटलं ते चिठ्ठीवर लिहा’. पहिल्या दोन आठवड्यांत खोक्यात चॉकलेटचे कागद आणि एक बसचं तिकीट निघालं. तिसऱ्या आठवड्यात पहिली चिठ्ठी आली. तिथून खरा अभ्यास सुरू झाला.

आधी माझा गोंधळ सांगते. शांताबाईंची गाणी क्रमानं ऐकायला बसले आणि आवडत्या दहा गाण्यांपलीकडे केवढं काय आहे ते दिसायला लागलं. ‘गणराज रंगी नाचतो’ त्यांचं, ‘मी डोलकर’ त्यांचं, ‘शूर आम्ही सरदार’ त्यांचं. आणि वर्गातली मुलं गॅदरिंगला शिट्ट्या मारत म्हणतात ते ‘ही चाल तुरुतुरु’सुद्धा त्यांचंच! कालिदासाचं ‘मेघदूत’ मराठीत आणणारी, ‘लिटिल विमेन’चं ‘चौघीजणी’ करणारी, कॉलेजात शिकवणारी, १९९६ च्या आळंदीच्या साहित्य संमेलनाची अध्यक्ष असलेली बाई हे पण लिहिते? मी मनात लगेच दोन कप्पे केले. एकात ‘खरी कविता’, दुसऱ्यात ‘ऑर्डरप्रमाणे लिहिलेली गाणी’. पहिल्या कप्प्यावर पानं लिहायची, दुसरा एका पानात उरकायचा.

चिठ्ठ्यांनी हे कप्पे मोडले.

‘तोच चंद्रमा’वर मी भरभरून लिहिलं होतं. त्यावर एकानं फक्त चार शब्द लिहिले, ‘संस्कृतवरून ढापलंय हे गाणं.’ मला राग आला. पण उत्तर द्यायचं तर आधी बघायला हवं. संस्कृतच्या मॅडमकडे गेले. त्यांनी शीलाभट्टारिकेचा श्लोक काढून दाखवला. मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’त तो येतो. त्यातली बाई म्हणते की माणूस तोच, रात्री त्याच, सुगंध तोच, तरी मन मात्र पुन्हा रेवाकाठाकडे धाव घेतंय. शांताबाईंच्या गाण्याचं बीज तिथंच आहे, ही काही लपवलेली गोष्ट नाही. पण श्लोकातल्या बाईला अजून ओढ आहे, तर गाण्यात सगळं जागच्या जागी असून ती ओढच हरवली आहे. बीज एक, झाड निराळं. आणखी एक गंमत कळली. २०२३ मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या अभ्यासकांनी एका ताम्रपटाच्या आधारे मांडलं, की ही शीलाभट्टारिका म्हणजे चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याची मुलगी. म्हणजे शेकडो वर्षांपूर्वीच्या एका बाईची ओळ विसाव्या शतकातल्या दुसऱ्या बाईनं उचलली आणि सुधीर फडक्यांच्या चालीत, त्यांच्याच आवाजात ती घराघरात गेली. याला ढापणं म्हणायचं की वारसा? मी पुढच्या सोमवारी हे सगळं लिहिलं. ‘ढापलंय’ म्हणणाऱ्याचे आभारही मानले, कारण त्यानं टोचलं नसतं तर मी मॅडमच्या केबिनची पायरी चढले नसते.

दुसरी चिठ्ठी कोळीवाड्यातून येणाऱ्या एका मुलीची. ‘मी डोलकर’बद्दल मी ‘अस्सल कोळीगीत’ असं लिहून टाकलं होतं. तिनं लिहिलं, ‘अस्सल म्हणजे काय गं? आमच्या घरात असं बोलत नाहीत. पण हळदीला हे गाणं वाजलं नाही तर हळद झाल्यासारखं वाटत नाही.’ या दोन वाक्यांवर मी आठवडाभर विचार करत होते. शब्द शांताबाईंचे, चाल हृदयनाथ मंगेशकरांची, आवाज लतादीदी आणि हेमंतकुमार यांचे. म्हणजे गाणारा दर्याचा राजा चक्क बंगाली! यातलं कुणीच कोळीवाड्यातलं नाही आणि तरी कोळीवाड्यानं ते गाणं आपलं केलं. मग ‘ऑर्डरप्रमाणे लिहिलेलं’ म्हणून मी ज्याला दुसऱ्या कप्प्यात टाकलं, त्याला लोकांनी केव्हाच पहिल्यात बसवलं होतं. पण तिचा पहिला मुद्दाही खरा आहे. एखाद्या समाजाचं बोलणं बाहेरच्यानं लिहिलं, की त्याला ‘अस्सल’चा शिक्का मारण्याचा हक्क माझ्यासारख्या तिसरीला नाही. तो शब्द मी मागे घेतला.

तिसरी चिठ्ठी सगळ्यात लहान होती आणि तीच सगळ्यात जोरात लागली.

एका पानावर मी तुलना केली होती. शांताबाई बाईचं मन आतून लिहितात आणि डॉ. वसंत अवसरे यांच्यासारखे पुरुष गीतकार ते बाहेरून, कौतुकानं बघत लिहितात, असा माझा मुद्दा. लिहिताना मी स्वतःवर जाम खूश होते. स्त्रीवादाच्या पेपरला वाचलेलं सगळं त्यात घातलं होतं. मंगळवारी खोक्यात चिठ्ठी होती : ‘वसंत अवसरे म्हणजे शांताबाईच. टोपणनाव.’ अक्षर ओळखीचं होतं. ग्रंथालयातल्या काकांचं. रेडिओवर ‘आपली आवड’ ऐकत मोठे झालेले काका. प्रत्येक गाण्याआधी निवेदक गीतकाराचं नाव घ्यायचे, ते त्यांच्या कानात बसलेलं.

मैत्रीण म्हणाली, ‘पान काढून टाक ना गुपचूप, कोण बघतंय?’ खरं सांगते, मी पिनांपर्यंत हात नेला होता. पण मग वाटलं, चूक एका नावाची नाहीये. पुरुषाचं नाव दिसलं म्हणून मला त्या शब्दांत पुरुषाची नजर ऐकू आली होती! शब्द तेच, लिहिणारी तीच, बदललं होतं ते फक्त माझं कान देणं. हे काढून टाकलं असतं, तर सगळ्या मालिकेतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मी कचऱ्यात टाकली असती. पान तसंच ठेवलं. शेजारी तेवढ्याच मोठ्या कागदावर लिहिलं, ‘मी चुकले, आणि अशी चुकले.’

त्याच आठवड्यात ‘रेशमाच्या रेघांनी’ पुन्हा ऐकलं. १९६४ च्या ‘मराठा तितुका मेळवावा’मधलं हे गाणं. संगीतकार ‘आनंदघन’, म्हणजे लता मंगेशकर. आवाज आशा भोसले यांचा, शब्द शांताबाईंचे. त्या ठसकेबाज गाण्याचे शब्द, चाल आणि गळा, तिन्ही बायकांचे! श्रेयनामावलीत मात्र चालीपुढे एक टोपणनाव. नाव बघून ऐकायची सवय आपल्याला आहेच, पण नाव न बघता ऐकायची सवय त्याहून वाईट.

आणि आज आपण नेमकं तेच करतोय. ॲपवर गायकाचं नाव ठळक, फोटोसकट. रीलवर तर तेही नसतं, ज्यानं नाच केला त्याचं नाव. गीतकार शोधायला दोन-तीन ठिकाणी बोटं मारावी लागतात आणि कधी कधी चुकीचंच नाव सापडतं. आपल्या कृतीवर आपलं नाव असावं हा लेखकाचा हक्क कायद्यानंही मानलाय. २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतला वाटाही पक्का केला. पण नाव उच्चारायचं काम कायदा करत नाही. ते आपणच करायचं असतं.

माझं म्हणणं एवढंच. एखादा गीतकार आवडला, तर त्याची दहा गाणी घेऊन थांबू नका. नावडती, भक्तीची, लग्नातली, सिनेमाची, सगळी ऐका. मग त्याबद्दल कुठे तरी लिहा आणि लोकांना बोलू द्या. चूक दाखवणाऱ्याला आधी थँक्यू म्हणा, मग तपासा. आवड वेगळी असणाऱ्याशी मनसोक्त भांडा. उगाच टोमणा मारणाऱ्याला सोडून द्या. आणि आपली चूक निघाली, तर ती मूळ पानाशेजारी, मूळ पानाएवढ्याच अक्षरात लावा.

आठ-दहा सोमवारांचं काम होतं, अजून सुरूच आहे. खोक्यात आता चॉकलेटचे कागद येत नाहीत. परवाची चिठ्ठी काकांचीच होती : ‘पुढच्या वर्षी खेबुडकर घे. चुका काढायला मी आहेच.’