जमेचें कार्ड कीं उसनवारीचें?

गेल्या मासीं आमचा एक जुना विद्यार्थी पालघरास आमच्या घरीं आला. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत तो नोकरीस आहे. मुद्रा म्लान दिसली म्हणून कारण विचारतां त्यानें खिशांतून दोन कार्डें काढून आमच्यापुढें ठेविलीं व म्हणाला, "गुरुजी, आईच्या आजारपणांत या दुसऱ्या कार्डानें 20,000 रुपये काढले. यावर क्रेडिट असें लिहिलें आहे. आणि क्रेडिट म्हणजे जमा, हें आपणच शिकविलेंत!"

आम्ही क्षणभर निरुत्तर झालों. शिकविलें तें खोटें नव्हतें. पासबुकांत क्रेडिट म्हणजे जमा आणि डेबिट म्हणजे नावें, हें खरेंच. परंतु सैंधव म्हणजे भोजनसमयीं मीठ आणि प्रयाणसमयीं घोडा, तसेंच हें आहे. कार्डावरील क्रेडिट म्हणजे पत. डेबिट कार्डानें खर्चिलेला रुपया आपल्याच खात्यांतून तत्काळ वजा होतो. क्रेडिट कार्डाचा रुपया बँकेचा असतो. आपली पत पाहून ती तो उसना देते व दरमहा बिल धाडते.

हें बिल मुदतींत पुरतें फेडल्यास खरेदीवर व्याज पडत नाहीं. ही सोय थोडी नव्हे. मात्र रोख रक्कम काढली तर व्याज बहुधा त्याच दिवसापासून सुरू होतें. शिवाय बिलावर 'किमान देय रक्कम' छापलेली असते. तेवढी भरली म्हणजे हप्ता फिटला, असें आमच्या विद्यार्थ्यास वाटे. आम्ही पाटी-पेन्सिल घेतली. दरमहा शेकडा 3.5 दरानें 20,000 रुपयांचें व्याज 700. त्या व्याजावर 18 टक्के जी. एस. टी. 126. म्हणजे 1,000 रुपये भरले तरी मुद्दल फिटतें अवघें 174! वर्षाचा हा दर 42 टक्के होतो. बँकेंतील मुदतठेवीस त्याच्या चतुर्थांशही व्याज मिळत नाहीं. म्हणून ठेव मोडून हें ऋण एकरकमी फेडण्याचा सल्ला आम्ही त्यास दिला.

वाचकहो, घरांतील कार्डें आजच काढून त्यांवरील अक्षरें वाचावीं. ए. टी. एम.मध्यें डेबिट कार्डच घालावें. पुरतें बिल भरण्याची तजवीज असेल तरच क्रेडिट कार्ड वापरावें. कोणतेंही कार्ड हरवल्यास तत्क्षणीं बँकेस कळवावें. वर्गांत अपुरा राहिलेला धडा आम्ही असा पुरा करीत आहों.